स्पिंडल खोऱ्यातलं विष

“मग आमची एल्क गेली कुठं? आभाळात उडाली?”

ट्वायला रॅस्बँड उभी राहिली तशी शाळेच्या व्यायामशाळेतली कुजबुज थांबली. तो आवाज गावात सगळ्यांच्या ओळखीचा होता. तिथे बसलेल्या निम्म्या लोकांनी तो लहानपणी जेवणाच्या रांगेत ऐकलेला होता. ‘ताट पुढे कर’, ‘गाजरं टाकायची नाहीत’. शाळेचं स्वयंपाकघर ट्वायलाकडे होतं, आणि साठीला टेकली तरी रायफल घेऊन डोंगर चढण्यात ती गावातल्या पुरुषांना भारी होती.

समोर पडद्याजवळ मिकेल उरुतिया उभा होता. वन्यजीव खात्याचा या भागातला माणूस; एल्क, म्हणजे डोंगरातली ती घोड्याएवढी हरणं, का घटली ते सांगायला आलेला. स्पेनच्या बास्क मुलखातून आलेले त्याचे आजोबा याच डोंगरांत मेंढ्या राखायचे, पण खात्याचा गणवेश अंगावर चढल्यापासून तो गावाला परका झाला होता.

“तेच सांगतोय, ट्वायला,” तो म्हणाला. “कारण एकच नाहीये. जंगल दाट झालंय, खालचं गवत संपलंय. मधला तो हिवाळा फार वाईट गेला. अस्वलं पाडसं उचलतात, प्यूमा उचलतात...”

“आणि लांडगे काय पालापाचोळा खातात?” मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

“लांडगेही खातात. मी कुठं नाही म्हणतोय?”

“नाही म्हणत नाहीस, पण तुझ्या तोंडी त्यांचं नाव नेहमी शेवटी येतं,” ट्वायला म्हणाली. “माझ्या बापाच्या वेळी स्पिंडल खोऱ्यात सप्टेंबरात झोप लागायची नाही. रात्रभर नरांच्या शिळा. गेल्या वर्षी मी आख्खा हंगाम ते खोरं चढले-उतरले. एक शीळ ऐकली. तासभर सरपटत तिच्या मागं गेले, तर झुडपामागं आपला पोस्टमन एल्कला भुलवायची नळी फुंकत बसलेला!”

या वेळी हसू आलं, पण ते कडवट होतं. पोस्टमनही हसला नाही.

“लांडगे तुम्ही आणून सोडलेत. आम्हाला विचारलंत? आमच्या ताटात काय असावं ते शहरातल्या लोकांनी ठरवलं. त्यांना लांडगा भिंतीवरच्या चित्रात छान दिसतो. मग त्यांच्या बागेत सोडा की! त्यांच्या मांजरी खाऊ देत!”

टाळ्या पडल्या, बाकं वाजली. उरुतियाने टाळ्या थांबू दिल्या. मग म्हणाला, “लांडग्याच्या शिकारीला आता बंदी नाही. परवाना इथं प्रत्येकाच्या खिशात आहे.”

“परवाना येतो रे खिशात,” ट्वायलाचा थोरला भाऊ गार्थ बसल्या जागेवरून बोलला. “लांडगा येत नाही.”

त्याच्या बोलण्यावर कुणी हसलं नाही. सगळ्यांना ते खरं वाटलं.

सभा संपल्यावर बाहेर गाड्यांपाशी लोकांनी ट्वायलाच्या पाठीवर थाप मारली. एक म्हातारा म्हणाला, “तुझा बाप असता तर आज खूश झाला असता.” गार्थ आपल्या ट्रकला टेकून उभा होता. गर्दी पांगल्यावर तो म्हणाला, “छान बोललीस. पण बोलून काही होत नाही.”

“मग काय करायचं?”

“बघू.” त्याने टोपी मागे सारली. “ट्वायले, शाळेतली तळणीची जुनी चरबी टाकून देतेस ना? या खेपेला मला दे. अस्वलाच्या आमिषाला हवीय.”

अस्वलाला आमिष लावायला तिकडे मनाई नव्हती, आणि गार्थ दर वर्षी ते लावायचा. पुढच्या शुक्रवारी ट्वायलाने पत्र्याचा मोठा डबा भरून ठेवला. शुक्रवारी ती मुलांसाठी डोनट तळायची. पिठातच दालचिनी घालायची तिची पद्धत होती, त्यामुळे सगळ्या स्वयंपाकघराला आणि त्या चरबीलाही दालचिनीचा वास असायचा. गार्थ डबा ट्रकमध्ये टाकून घेऊन गेला.

*

आल्डन रॅस्बँडला दोन मुलं. गार्थला त्याने खेचरं आणि स्पिंडल खोऱ्यातला शिकारीचा तळ दिला, आणि ट्वायलाला आपली रायफल दिली. त्या काळात मुलीला रायफल देणं काही फार कौतुकाचं नव्हतं. तिच्या आईने आठवडाभर अबोला धरला होता. पण पोरीचा नेम बापाहून चांगला होता आणि ती मारल्यावर रडायची नाही, बाह्या कोपरापर्यंत वर करून कातडं काढायला बसायची. पुढे तिचं लग्न झालं, नवरा लाकडाच्या गिरणीत होता, गिरणी बंद पडली तसा तो कामासाठी अलास्काला गेला आणि तिकडचाच झाला. ट्वायलाने त्याचा फार शोक केला नाही. दर ऑक्टोबरात ती एक एल्क मारायची आणि तिचा हिवाळा त्यावर निघायचा. विकतचं गोमांस तिने घरात आणलं नव्हतं, ते खायची वेळ गेल्या दोन-तीन वर्षांत आली. दुकानातल्या त्या पिवळट, पाणचट मांसाच्या पाकिटाला बघून तिला लाज वाटायची. स्वतःची की डोंगराची, हे तिला सांगता आलं नसतं.

लांडग्यांचा तिला राग होता तो ऐकीव नव्हता. एका मार्चमध्ये नदीकाठी तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. पोट आलेली एक एल्क मादी कळपातून फुटली, लांडग्यांनी तिला बर्फाळलेल्या नदीवर ढकललं. पाय फाकून ती पडली, उठली, पडली. मागून खायला सुरुवात झाली तेव्हा ती जिवंत होती, मान उचलून बघत होती. ट्वायलाजवळ त्या दिवशी रायफल नव्हती. तिने दगड फेकले, किंचाळली. एका लांडग्याने तोंड वर करून तिच्याकडे पाहिलं आणि परत खाली घातलं. ते बघणं ती विसरली नव्हती. ‘जसं काही मी बाई नव्हेच, झाड आहे,’ असं ती सांगायची.

गार्थचं दुखणं वेगळं होतं. त्याच्याकडे अमेरिकेच्या पूर्वेकडून शिकारी यायचे, खेचरांवर बसून वर जायचे, तंबूत राहायचे. बापांच्या मागून त्यांचे मुलगे येऊ लागले होते. मग एल्क कमी झाली तशी माणसंही कमी झाली. दावणीला खेचरांची रांग असायची तिथे आता चार उरली होती, आणि त्यांतलं एक आंधळं.

*

सप्टेंबर संपत आला तेव्हा एका शनिवारी ट्वायला स्पिंडल खोऱ्यात गेली. हंगाम उघडण्याआधी वाटा, पाणी, विष्ठा बघून ठेवायची तिची सवय. बरोबर पिकल होता. पिकल म्हणजे तिचा राखाडी ठिपक्यांचा, एक कान मुडपलेला कुत्रा. दिवसभर गुरं वळायची जात, आणि घरात गुरं नसल्यामुळे तो ट्वायलालाच वळत असायचा.

खोऱ्याच्या तोंडाशी वाट स्प्रूसच्या, सूचिपर्णी झाडांच्या दाटीतून जाते. पिकल पुढे धावला, थोडा वेळ दिसेनासा झाला आणि जिभल्या चाटत परत आला. “काय खाल्लंस रे घाणेरड्या?” ती म्हणाली. त्याने शेपूट हलवलं.

ओढ्यापर्यंत पोचायच्या आत त्याचे पाय ताठ झाले. तो पडला, उठायला गेला, धनुष्यासारखा वाकला. ट्वायलाने त्याला उचललं आणि उतारावरून धावत सुटली. कुत्रा तिच्या हातांत लाकडासारखा झाला होता आणि मध्येच सबंध अंगाने उसळत होता, तिला तो धरवत नव्हता. दोनदा ती पडली. गाडी दिसायला लागली तेव्हा त्याचं उसळणं थांबलं. तरी ती गाडीपर्यंत धावलीच.

त्याला मागच्या सीटवर आपल्या कोटात गुंडाळून ती परत वर गेली. स्प्रूसच्या दाटीत, वाटेपासून चार पावलांवर तिला दुसरा गोळा सापडला. मुठीएवढा, खिम्याचा, वरून पांढरट चरबीत घोळलेला. तिने काडीने तो उलटला. मग गुडघे टेकून, वाकून वास घेतला.

दालचिनी.

वरून डोमकावळा ओरडत गेला. थोड्या वेळाने तिने खिशातली पिशवी काढली, गोळा काडीने आत लोटला आणि पिशवीला गाठ मारली.

*

गार्थ कुंपणाशी खेचराच्या खुराला कानस लावत होता. बहिणीची गाडी आली तरी त्याने मान वर केली नाही.

“पिकल गेला,” ती म्हणाली.

“अरेरे. लांडग्यांनी?”

तिने पिशवी त्याच्यासमोर ऐरणीवर ठेवली. त्याने बघितलं. खेचराचा पाय खाली सोडला.

“कुत्र्याला वर कशाला नेलंस?” तो म्हणाला.

काय विचारायचं, कसं विचारायचं, हे ट्वायला येताना सबंध रस्ताभर मनात जुळवत होती. त्यातलं काही विचारायची गरज उरली नाही.

“किती टाकलेस?”

“मोजत बसलो नाही.”

“कुठं कुठं?”

“जिथं त्यांची वाट दिसली तिथं.”

“चल. खेचर सोड आणि माझ्याबरोबर चल. अंधार पडायच्या आत जेवढे मिळतील तेवढे वेचू.”

“वेचायला टाकलेत होय? ते लांडग्यांचं खाणं आहे. लांडगे खातील तेव्हा संपेल.”

“गार्थ, हंगाम उघडला की माणसं जाणार वर. कुत्री जाणार, पोरं जाणार.”

“पोरं काय जमिनीवरचं मांस उचलून खातात?”

“हात लावतात! आणि मग तोच हात तोंडात घालतात! रोज शंभर पोरांना मी जेवायला घालते, मला सांगतोस?”

गार्थने कानस पेटीत टाकली. “माझ्यावर आवाज चढवू नकोस. सभेत कोण ओरडलं माझ्यापेक्षा मोठ्यानं? टाळ्या कुणी घेतल्या?”

“ओरडले. विष नाही कालवलं.”

“चरबी कुणाची होती?”

तो हसला नाही, पण ओठाचा एक कोपरा वर गेला. लहानपणी पत्त्यांत हुकूम टाकताना त्याचा असाच जायचा. ट्वायलाला वाटलं, याला आत्ता हातातल्या काहीनेतरी मारावं. तिच्या हातात काही नव्हतं.

“ट्वायले,” तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, “पाहुण्यांचे फोन येतात. ‘एल्क दिसतील ना?’ विचारतात. पूर्वी कुणी असं विचारायचं नाही. मी म्हणतो, दिसतील की. खोटं बोलतो. बाबांचा तळ आहे आणि मी खोटं बोलून माणसं बोलावतो. तुला शाळेचा पगार आहे. मला काय आहे? ही आंधळी घोडी?”

“ते खेचर आहे.”

“तेच ते.”

दारात गार्थची बायको लिओना आली. तिने सगळं ऐकलं होतं, किंवा तिला आधीपासूनच ठाऊक होतं. “आत ये गं,” ती म्हणाली. “कॉफी घे. कुत्रा काय, दुसरा मिळेल.”

ट्वायलाने पिशवी उचलली आणि गाडीत बसली.

*

पुढचे सगळे शनिवार-रविवार ती हातमोजे घालून, बादली घेऊन स्पिंडल खोऱ्यात हिंडली. काही गोळे सापडले. काहींच्या जागी नुसतेच चरबीचे डाग होते, आणि जवळपास शोधलं की त्या डागांचा हिशेब लागायचा. डोमकावळे. एक कोल्हा. पंख पसरून पालथा पडलेला सोनेरी गरुड, त्याच्या नख्यांत गवत धरलेलं. ओढ्याच्या वरच्या अंगाला एक लांडगाही होता, पोरसवदा, लांब पायांचा. इतक्या जवळून मेलेला लांडगा ती पहिल्यांदाच बघत होती. बरं झालं, मेला, असं ती मोठ्याने म्हणाली. मग काठीने त्याच्या तोंडाजवळचा पाला सारून, उरलेला तुकडा आहे का, ते शोधू लागली.

खोरं मोठं होतं. एकट्या बाईने वेचून ते संपणार नव्हतं. शिखरांवर ढग उतरायला लागले होते. एकदा बर्फ पडलं की सगळं त्याखाली जाणार होतं, आणि वसंतात बर्फ वितळताना, अस्वलं पिल्लं घेऊन बाहेर पडताना, परत वर येणार होतं.

हंगाम उघडायच्या आदल्या सोमवारी ती शाळा सुटल्यावर उरुतियाच्या कचेरीत गेली आणि बादली त्याच्या टेबलावर ठेवली.

“हात लावू नकोस,” ती म्हणाली.

त्याने आत पाहिलं, मग तिच्याकडे. “बस.”

“बसायला आले नाही. खोरं बंद कर. अजून आहेत वर.”

“करतो. आजच.” त्याने टेबलाचा खण उघडला, परत बंद केला. “कुणी टाकले, माहीत आहे?”

“तू चांगला माणूस आहेस असं मला वाटायला लागलंय, असं समजू नकोस. त्या दिवशी सभेत बोलले त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही.”

“घेऊ नकोस.”

“लांडगे मला नकोच आहेत.”

“ट्वायला, कुणी टाकले?”

बाहेर कुणीतरी ट्रक चालू करत होतं, इंजिन धरत नव्हतं. शेवटी ते धरलं. मग तिने भावाचं नाव सांगितलं. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, जसं चर्चमध्ये घेतात तसं. आणि म्हणाली, “चरबी माझी आहे. तेही लिहून घे.”

*

खोरं त्या वर्षी बंद राहिलं. ज्यांनी सुट्ट्या घेतल्या होत्या, तंबू झटकले होते, ती माणसं खोऱ्याच्या तोंडाशी लावलेल्या आडव्या लाकडापाशी येऊन परत गेली. त्यांतल्या कुणीही गार्थला शिव्या दिल्या नाहीत.

ट्वायलाच्या गाडीवर कुणीतरी रंगाने ‘लांडग्यांची आई’ असं लिहिलं. तिने ते घासलं, अर्धं गेलं, अर्धं राहिलं. ‘लांडग्यांची’ गेलं आणि ‘आई’ राहिलं. तशीच गाडी घेऊन ती शाळेत जायची. कॅफेत ती गेली की तिच्या शेजारच्या टेबलावरची माणसं कॉफी अर्धी टाकून उठायची. ज्या म्हाताऱ्याने तिच्या बापाची आठवण काढली होती, त्याने दुकानात तिला गाठून सांगितलं, “तुझा बाप आज नाही ते बरं.”

“तुम्ही त्यांना ओळखत होतात तेवढंच ओळखत होतात,” ती म्हणाली आणि मिठाची पिशवी उचलली.

लिओना एकदाच बोलली, तीही दुकानातच, सगळ्यांच्या देखत. “कुत्र्यासाठी भाऊ विकलास.”

“कुत्र्यासाठी नाही.”

“मग कशासाठी? सांग की. लोकांनाही कळू दे.”

उत्तराची वाट न बघता लिओनाने ट्रॉली ट्वायलाच्या ट्रॉलीला घासून पुढे नेली.

उन्हाळ्यात शहरातून एक बाई आली. ती प्राणी वाचवणाऱ्या कुठल्याशा संस्थेची होती. सूर्यफुलं घेऊन आली. ट्वायलाच्या दारात उभी राहून म्हणाली, “लांडग्यांच्या वतीनं मी तुमचे आभार मानायला आलेय.”

“लांडग्यांनी पाठवलंय तुला?”

बाई गोंधळून हसली.

“त्यांना सांग, माझ्या खिशात परवाना आहे. समोर आला तर उद्या सोडणार नाही. आणि ही फुलं गाडीत ठेव, इथं हरणं खातील. म्हणजे, हरणं उरली असली तर.” तिने दार लावून घेतलं. मग बाईची गाडी जाईपर्यंत ती दाराआडच उभी राहिली. वर्षभरात तिच्याशी गोड बोललेलं ते पहिलंच माणूस होतं, आणि तेही असलं.

बेकायदा विष टाकल्याचा खटला ऑगस्टमध्ये उभा राहिला. गार्थच्या वकिलाने तिला विचारलं, “लांडगे मेले पाहिजेत, असं तुमचंही मत आहे ना?”

“आहे.”

“भर सभेत बोललात?”

“बोलले. परत बोलेन.”

“मग तुमच्या भावानं वेगळं काय केलं?”

गार्थ समोरच बसला होता. कोट घालून, टाय बांधून. तो कोट त्याने बापाच्या प्रेताला खांदा देताना घातला होता. तो तिच्याकडे बघत नव्हता, आपल्या हातांकडे बघत होता.

“गोळी झाडते तेव्हा मी बघते, कुणावर झाडतेय,” ट्वायला म्हणाली. “चुकली तर मागावर जाते. रक्त सापडेपर्यंत घरी येत नाही. आम्हा दोघांना हे एकाच माणसानं शिकवलंय. यानं विष टाकलं, घरी आला आणि जेवला. कोण मेलं ते बघायलासुद्धा परत गेला नाही.”

गार्थने मान वर केली होती. त्याच्या तोंडावर राग होता, धडधडीत राग, पण तो पहिल्यांदाच खाली बघत नव्हता.

त्याचा पाहुणे नेण्याचा परवाना कायमचा गेला. काही महिन्यांची कैद झाली, ती ऑक्टोबरात सुरू झाली. जायच्या आधी त्याने खेचरं विकली. आंधळं कुणी घेतलं नाही, ते राहिलं.

*

नोव्हेंबरात बर्फ पडल्यावर ट्वायला स्पिंडल खोऱ्यात गेली नाही. पलीकडच्या बाजूला, जळून गेलेल्या जंगलाच्या उतारावर नवं गवत आलं होतं, तिथे गेली. जळल्या जागी चारा येतो आणि एल्क तिकडे वळते, असं उरुतिया सभेत याच उताराबद्दल म्हणाला होता आणि तेव्हा तीच मोठ्याने हसली होती. सकाळभर ती काळ्या खोडांमधून चढली. दुपारी एका खळग्यात तिला माद्यांचा छोटा कळप दिसला. पाडसं फार थोडी. तिने पाडस नसलेली मादी निवडली, ओंडक्यावर रायफल टेकली आणि श्वास सोडून गोळी झाडली. मादी चार उड्या मारून बसली, जणू थकून बसली.

एरवी एल्क पडली की गावात कुणाला तरी सांगायचं, दोघे-तिघे यायचे, हसतखेळत चार तुकडे खाली यायचे. या वेळी तिने कुणाला सांगितलं नाही. एकटीनेच सोललं, पाय सुटे केले, दोरीने झाडावर ओढले. पाठीवर एक पाय घेऊन ती उतरायला लागली तेव्हा पलीकडच्या कड्यावरून लांडगे ओरडले. आधी एक, मग सगळे. रक्ताचा वास त्यांना लागला होता.

ती थांबली. ओझं बर्फात टाकलं आणि परत वर गेली. झाडाखाली पाय फाकून उभी राहिली आणि डोंगराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, “हे माझं आहे! तुमच्या आईला खा, हे माझं आहे!” आणि मग शिव्या. बापाला येत होत्या त्या, नवऱ्याला येत होत्या त्या आणि शाळेत पोरांकडून ऐकलेल्या. घसा बसेपर्यंत. कड्यावर एक करडी आकृती हलल्यासारखी वाटली. तिने रायफल खांद्याला लावली. अंतर फार होतं, आणि नक्की काय आहे ते दिसत नव्हतं. तिने गोळी झाडली नाही.

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी मिळून तिने सगळं मांस खाली आणलं. गुडघे इतके सुजले की गाडीत चढताना पाय हाताने उचलून आत ठेवावा लागला.

आल्डन असल्यापासून त्यांच्या घरात एक रीत होती. ज्याच्या हातून एल्क पडेल त्याने मागचा एक पाय दुसऱ्याच्या घरी पोचवायचा. गार्थ आणि ट्वायलाने कितीही भांडणं केली तरी ही रीत मोडली नव्हती. रविवारी उजेड असतानाच ती गार्थच्या घरी गेली. चिमणीतून धूर येत होता. आंधळं खेचर कुंपणाशी कान टवकारून उभं राहिलं. तिने दार वाजवलं. आत कुणीतरी चालल्याचा आवाज झाला, मग तोही थांबला.

“लिओना, मांस आहे,” ती दाराला म्हणाली.

दार उघडलं नाही. ट्वायलाने पडवीच्या तुळईवरून दोरी टाकली आणि पाय टांगला. गुंडाळायला तिच्याकडे कापड उरलं नव्हतं, सगळी फडकी रक्ताने भिजून घरी पडली होती. उघडंच लाल मांस थंडीत लोंबत राहिलं. कुंपणावर दोन कावळे येऊन बसले. तिने त्यांना हाकललं, ते छपरावर जाऊन बसले. आता यापुढे आपल्या हातात काही नाही, असं म्हणून ती घरी आली.

सोमवारी सकाळी शाळेत जाताना त्या घरावरून जायचा रस्ता तिने घेतला. थांबायचं नाही असं ठरवलं होतं, आणि ती थांबली नाही. फक्त गाडीचा वेग कमी केला.

मांस तिथेच होतं. आत नेलेलं नव्हतं. पण त्याला वरपासून खालपर्यंत एक स्वच्छ पांढरी चादर गुंडाळलेली होती, इस्त्रीची घडी अजून न मोडलेली, आणि ती दोरीने वर, मध्ये आणि खाली अशी नीट आवळून बांधली होती. कावळे छपरावर बसले होते.